हातानं फिरवायचा बर्फाचा ऑगर: सहा इंची की आठ इंची?

तुमचा प्रश्न मला असा समजला. हिवाळ्यात चार-पाच वेळा तुम्ही गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाता. बर्फात भोक पाडायला आजवर सोबत्याच्या इंजिनवाल्या ऑगरवर, म्हणजे तळाशी पाती असलेल्या मोठ्या सर्पिल गिरमिटावर, काम भागत होतं, आता तो सोबती बरोबर नसतो. म्हणून हातानं फिरवायचा ऑगर घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो आठ इंची घ्या, मोठं भोक कधीही चांगलं. तो हातानं झेपेल का, ही तुमची शंका. शिवाय ओळखीत एकाकडे जुना सहा इंची पडून आहे, तो घ्यावा का, आणि पुढे त्याला ड्रिल जोडता येईल का, हेही विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगतो: सहा इंची घ्या, आणि त्याच दिवशी त्याच्या पात्यांची एक जादा जोडी घ्या. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं. मी गेले अठरा हिवाळे हातानंच भोकं पाडतोय. वेगवेगळ्या मापांचे आणि बनावटीचे पाच ऑगर हाताखालून गेले, शिवाय सोबत येणाऱ्या नवख्या लोकांना शिकवताना त्यांचे ऑगरही फिरवून पाहिले. ‘हाताचा ऑगर काही कामाचा नाही’ असं म्हणणारी जी जी माणसं भेटली, त्यांच्यातल्या बहुतेकांचा ऑगर बोथट होता. ऑगर वाईट आहे असं त्यांना वाटत होतं, आणि संपलेली असायची ती फक्त पाती.

म्हणून मापापेक्षा खरा प्रश्न वेगळा आहे. कधीमधी जाणाऱ्या माणसाचा ऑगर वर्षातले अकरा महिने कोपऱ्यात उभा असतो. ओला ठेवला तर पात्याला गंज धरतो, गाडीत आडवा टाकला तर धार कशाला तरी घासते. मग थंडी पडते, माणूस उत्साहानं तळ्यावर जातो आणि पहिल्याच भोकाला हात भरून येतात. रोज जाणाऱ्याला दोन दिवसांत कळतं की पाती बदलायला झालीत. कधीमधी जाणाऱ्याला वाटतं, आपल्यातच ताकद कमी आहे. तुम्हाला ऑगर निवडायचा आहे तो हे लक्षात घेऊन: कमी सरावात, कमी ताकदीत चालणारा आणि पाती सहज मिळणारा.

आता माप. सहा आणि आठ यांत फरक दोनच इंचांचा दिसतो, पण बर्फ कापायचा असतो तो गोलाच्या क्षेत्रफळाएवढा. सहा इंची भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच भरतं, आठ इंचीचं ५०. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. वजनात सांगायचं तर एक फूट जाड बर्फात सहा इंची भोक पाडताना तुम्ही सुमारे ५ किलो बर्फ सोलून वर काढता, आठ इंचीला ९ किलो, दहा इंचीला १४ किलोंच्या वर. पाच इंची असेल तर साडेतीन किलोंतच काम होतं. मूठ ज्या वर्तुळात फिरते त्याचा घेर मात्र सगळ्या ऑगरांचा जवळपास सारखाच. तरफ तेवढीच आणि काम पावणेदोन पट, म्हणून आठ इंची हातात घेतला की तो मधेच अडतो, हिसके देतो, आणि खांद्यातून कळ येते.

एका भोकाला हे सोसवतं. पण मासे धरायचे तर एका भोकावर भागत नाही. पहिल्या भोकात पाऊण तासात काही हललं नाही तर जागा बदलावी लागते. माझ्या एका दिवसात सहा ते दहा भोकं होतात, आणि जेव्हा जेव्हा चांगले मासे लागले तेव्हा ते बहुधा चौथ्या-पाचव्या भोकाला लागलेत. आठ इंची घेऊन आलेला माणूस दोन भोकांनंतर तिसरं पाडायला उठत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय. मोठ्या भोकाचा सगळा फायदा तिथेच संपतो.

घामाची गोष्ट दुकानात कोणी काढत नाही. उणे पंधरात जाड कपड्यांत तुम्ही दमछाक होईपर्यंत ऑगर फिरवला, आतला सदरा ओला झाला, आणि मग दोन तास स्टुलावर हलल्याशिवाय बसलात, तर तो ओला सदरा तुम्हाला आतून गारठवतो. बोटं सुन्न होतात, गळ बांधता येत नाही, डोकंही मंद चालायला लागतं. म्हणून भोक पाडायच्या आधी मी वरचं जाड जाकीट काढून ठेवतो आणि भोक झाल्यावर पुन्हा घालतो. लहान माप निवडण्यामागे माझं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे.

मग आठ इंची कोणाला लागतो? हे माशावर अवलंबून आहे. पर्च, क्रॅपी, ब्लूगिल असे पसरट छोटे मासे धरत असाल तर पाच इंचीतही चालतं. वॉलआयसारखा बरा मोठा मासा सहा इंचीतून येतो, फक्त त्याचं डोकं भोकाच्या तोंडाशी सरळ वळवून घ्यावं लागतं. घाईत ओढला तर मासा आडवा होतो, दोरी बर्फाच्या खालच्या काठाला घासते आणि तुटते. मोठे पाईक किंवा लेक ट्राउट हेच तुमचं लक्ष्य असेल तर मात्र आठ इंची हवा, कदाचित दहाही. पण मग हाताच्या ऑगरचा हट्ट सोडावा असं माझं मत. ध्वनिलहरींनी माशांचा वेध घेणारं सोनार यंत्र वापरत असाल तर आणखी एक सांगतो: त्याचा सेन्सर त्याच भोकात सोडायचा असतो, आणि पाच इंचीत सेन्सर आणि दोरी एकमेकांत अडकतात. सहा इंचीत दोन्ही नीट मावतात. पाच आणि सहा यांत मी सहाकडे झुकतो त्याचं हेही एक कारण.

मोठा मासा चुकून लागलाच तर भोक रुंद करता येतं, पण ऑगरनं नाही. शेजारी चिकटून दुसरं भोक पाडून दोन्ही जोडायचा मोह होतो. हाताच्या ऑगरनं तसं करू नका. एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असली की पातं पोकळीच्या काठाला अडकतं, मनगटाला झटका बसतो आणि पात्याचा कोपरा उडतो. त्यासाठी बर्फाची पहार ठेवा. पहार तशीही लागतेच, तिच्याबद्दल पुढे सांगतो. आणि भोक किती मोठं चालेल याचेही नियम असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गळाच्या मासेमारीसाठी भोक १२ इंचांपेक्षा मोठं चालत नाही. तुम्ही जिथे जाता तिथला नियम एकदा वाचून घ्या.

आता पाती. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

हाताच्या बहुतेक ऑगरांची पाती सोलणारी असतात. सुताराच्या रंध्याचं पातं आठवा. रंधा लाकूड फोडत नाही, पातळ ढलपी काढतो. हे पातं बर्फाचं तेच करतं. इंजिनवाल्या ऑगरांत कधीकधी दातेरी पाती असतात, ती बर्फाचा चुरा करत जातात. त्यांना ताकद जास्त लागते, पण जुनं गोठलेलं भोक पुन्हा उघडायला ती बरी पडतात. माणसाच्या हाताला सोलणारंच पातं हवं. धार चांगली असेल तर ऑगरवर जोर द्यावाच लागत नाही, त्याच्या स्वतःच्या वजनानं तो खाली उतरतो. मोरा हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते स्वीडनमधल्या मोरा गावावरून आलंय, आणि अशा सोलणाऱ्या पात्यांच्या ऑगरांसाठीच ते ओळखलं जातं. कोणत्याही बनावटीचा घ्या, पण घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: त्याची बदलीची पाती तुम्हाला सहज मिळतात का? एका बनावटीची पाती दुसऱ्याला बसतीलच असं नाही. स्क्रूची भोकं जुळली तरी कोन जुळत नाही.

हा कोन महत्त्वाचा आहे. पात्याची धार हा त्याचा सगळ्यात खालचा बिंदू असायला हवा, आणि धारेच्या मागची पाठ किंचित वर उचललेली. तेवढ्या फटीमुळे धार बर्फात शिरते. घरी कानशीनं किंवा धारेच्या दगडावर पातं घासायला घेतलं की धार चमकते, बोटाला लागतेही, पण खालच्या अंगाला एक बारीक गोलाई येते. मग धारेआधी पाठ बर्फाला टेकते आणि ऑगर बर्फावर नुसता घसरत फिरतो. हे होतं तेव्हा माणूस आणखी जोर लावतो, आणि जोरानं काही होत नाही. म्हणून माझा सल्ला असा की ज्याला या पात्यांचा कोन नेमका राखता येत नाही त्यानं धार लावायच्या भानगडीत पडू नये. पाती बदलावीत, आणि दोन्ही एकदम बदलावीत. एक नवं आणि एक जुनं ठेवलं की सगळा भार नव्यावर येतो आणि ऑगर डगडगत फिरतो.

पातं बोथट झालंय हे ओळखायला बोट लावायची गरज नाही, लावूही नका. ही पाती वस्तऱ्यासारखी असतात, आणि थंडीत सुन्न झालेल्या बोटाला कापल्याचं कळतही नाही. ओळखायचं ते भोकातून वर येणाऱ्या बर्फावरून. धार चांगली असेल तर काचेसारख्या घट्ट बर्फातून बऱ्यापैकी जाड, चपट्या ढलप्या वर येतात आणि प्रत्येक फेऱ्याला करकर असा एकसारखा आवाज येतो. धार गेली की पिठासारखा भुगा येतो, आवाज घासल्यासारखा होतो, आणि भोकाच्या तळाशी बर्फ पॉलिश केल्यासारखा चकाकतो. भुगा दिसला की थांबा. आधी पात्यावर बर्फ चढलाय का ते पाहा. नसेल तर पाती बदला.

पात्यावर बर्फ चढणं ही भानगड नव्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून एक प्रसंग लिहितो. उणे वीसच्या आसपासची सकाळ होती. पहिलं भोक मिनिटभरात झालं. ऑगर काढला, खांद्यावर टाकला, दोनशे पावलं चालून दुसऱ्या जागी गेलो आणि फिरवायला लागलो. ऑगर नुसता गोल फिरत राहिला, बर्फावर एक चकचकीत कडं उमटलं, बाकी काही नाही. पाती नवी होती. ऑगर उलटा करून उन्हात धरला तेव्हा दिसलं: धारेवर नखाएवढाही जाड नसलेला, पारदर्शक बर्फाचा थर बसला होता. पहिल्या भोकातून बाहेर येताना पात्यावर राहिलेलं पाणी त्या दोनशे पावलांत गोठलं होतं. परत पहिल्या भोकाशी गेलो आणि ऑगरचं डोकं खोल पाण्यात काही मिनिटं धरून ठेवलं. खालचं पाणी शून्याच्या किंचित वर असतं, त्यात थर सैल झाला. बाहेर काढून लगेच कोरड्या फडक्यानं पुसला. मग तोच ऑगर लोण्यात सुरी जावी तसा उतरला.

तेव्हापासून भोक झालं की मी आधी ऑगर हवेत झटकतो, डोक्यावरून कडक ब्रश फिरवतो आणि मगच चालायला लागतो. गाडीतसुद्धा ऑगर माणसांबरोबर उबेत ठेवत नाही, मागे डिकीत गार ठेवतो. उबदार पातं भुसभुशीत बर्फात टेकलं की बर्फ वितळून पात्याला लागतो आणि पुन्हा गोठतो. पात्यांवरचं प्लास्टिकचं झाकण चढवायचं तेही पातं पुसल्यावरच. ओल्या पात्यावर चढवलं तर ते तिथेच गोठून बसतं आणि मग ते ओढून काढताना हात कापतात.

एक चूक मी केली आहे, ती तुम्ही टाळा. पात्यावरचा बर्फ झाडायला ऑगर तळ्याच्या बर्फावर आपटू नका. मी एकदा तसं केलं, दोन-तीनदा, चांगलं जोरात. त्यानंतर तो ऑगर धरेना. पाती बदलली तरी धरेना. आणखी एक नवी जोडी लावली, तरी तेच. शेवटी सरळ पट्टी लावून पाहिलं तेव्हा कळलं की पाती जिथे बसतात ती लोखंडी जीभच एका बाजूनं वाकली होती. दोन पात्यांतलं एकच बर्फाला टेकत होतं आणि दुसरं हवेत होतं. जिभेचा कोन बिघडला की नवी पातीही काही करू शकत नाहीत.

हे सांगण्याचं कारण तुमच्या ओळखीतला तो जुना सहा इंची. घ्यायला हरकत नाही, पण आधी तपासा. सपाट फरशीवर तो आडवा ठेवून हळूच लोळवा. दांडा वाकलेला असेल तर मधे उचलल्यासारखा दिसतो, असा घेऊ नका. मग डोकं वर करून बघा: दोन्ही पाती सारख्याच उंचीवर आहेत का, ज्या जिभांवर ती बसलीत त्यांना पोचे आहेत का, स्क्रू गंजून डोकी झिजलीत का. डोकी झिजली असतील तर पाती बदलताना ते स्क्रू निघणार नाहीत. सर्पिल पट्टीला थोडा पोचा असला तर चालतो, त्यानं फक्त भुगा वर यायला थोडा अडथळा होतो. दुमडता येणारा दांडा असेल तर सांध्यात किती खेळ आहे ते हलवून पाहा. सांधा खुळखुळत असेल तर प्रत्येक फेऱ्याला डोकं वेगळ्या कोनात टेकतं. पाती गंजलेली आहेत म्हणून मात्र नाकारू नका, ती तशीही बदलायचीच आहेत. त्या बनावटीची पाती आज मिळतात का, एवढं पाहून मगच हो म्हणा.

लांबीबद्दल फार विचार करायला नको. तुमच्याकडे बर्फ दोन फुटांच्या आत राहत असेल तर नेहमीची लांबी पुरते. त्याहून जाड होत असेल तर जोडदांडा मिळतो का ते पाहा, पण दोन फुटांच्या पुढे हातानं दहा भोकं पाडणं हे कधीमधी जाणाऱ्याचं काम नाही, हे मोकळेपणानं सांगतो. मुठीची उंची मात्र आपल्या अंगाप्रमाणे जुळवून घ्या. सुरुवातीला फिरवायची मूठ साधारण छाती आणि कमरेच्या मधे यावी. फार उंच असेल तर खांदे दुखतात, फार खाली असेल तर पाठ.

फिरवण्याची पद्धत दोन मिनिटांत शिकता येते, आणि तिनं निम्मी मेहनत वाचते. आधी बुटानं वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारा, घट्ट बर्फ उघडा करा. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा. एक हात वरच्या गोल मुठीवर ठेवा. तो हात फक्त ऑगर उभा धरतो, दाबत नाही. दुसऱ्या हातानं खालची मूठ फिरवा. पहिले आठ-दहा फेरे सावकाश, पाती बर्फ धरेपर्यंत. त्यानंतर एका लयीत. ऑगर तिरका झाला तर भोक तिरकं होतं आणि पाती एका बाजूनं घासतात, म्हणून अधूनमधून दोन बाजूंनी दांडा सरळ आहे ना ते बघा. तळाशी पोहोचत आल्याचं हाताला कळतं, आवाज खोल होतो आणि पाणी मुरल्यासारखा ओला भुगा यायला लागतो. तिथे वेग कमी करा, कारण शेवटचा पापुद्रा तुटताना पातं त्याच्यात अडकतं. पाणी आलं की लगेच ओढू नका. आणखी चार-पाच फेरे द्या म्हणजे भोकाची खालची कड गुळगुळीत होते, नाहीतर ती दोरी कापते. मग न फिरवता ऑगर सरळ वर उचला, सर्पिल पट्टी आपल्याबरोबर सगळा भुगा वर आणते. पाणी बुटांवर येईल, तेवढं मागे सरकून उभे राहा. उरलेला भुगा काढायला स्वयंपाकघरातल्यासारखाच लांब दांड्याचा झारा लागतो. तो विसरलात तर दिवसभर हातानं भुगा उपसत बसाल.

ड्रिलचं विचारलंत. काही हाताच्या ऑगरांना ड्रिल जोडायचा तुकडा मिळतो, आणि सहा इंचीला चांगलं १८ व्होल्टचं ब्रशलेस ड्रिल बऱ्यापैकी चालतं. सहा इंची घ्यायला हेही एक कारण, कारण आठ इंचीला तेच ड्रिल लवकर तापतं. पण तीन गोष्टी पाळा. ड्रिलला बाजूची मूठ लावलेली असलीच पाहिजे, कारण पातं अडकलं की ड्रिल स्वतःच फिरतं आणि मनगट मुरगळतं. जोडाच्या जागी भोकापेक्षा रुंद चकती बसवा, चक (ऑगर धरणारा ड्रिलचा जबडा) सैल पडला तर ऑगर थेट तळ्याच्या तळाशी जातो. आणि तुमचा ऑगर कोणत्या दिशेनं फिरतो ते घेण्याआधी पाहा. उलटा फिरणारा असेल तर ड्रिल उलटं चालवावं लागेल आणि त्या दिशेनं चक सैल होण्याचा धोका असतो. बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, म्हणून ती आतल्या खिशात उबेत ठेवतात. तरीसुद्धा पहिला हिवाळा तुम्ही हातानंच करा असं मी म्हणेन. पातं बर्फ कसं धरतं, कधी सोडतं, हे हाताला कळलं की मग ड्रिल सुरक्षितपणे वापरता येतं.

आता पहार. ऑगर घेताना बर्फाची पहार घेतली नसेल तर तुमची खरेदी अर्धीच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा निसर्ग संसाधन विभाग सांगतो की एकट्या माणसानं चालायला किमान ४ इंच नवा, स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. तोही सगळीकडे सारखा नसतो. झऱ्यांजवळ, प्रवाहाच्या तोंडाशी, गवताच्या कडेनं पातळ असतो. बर्फाची जाडी ऑगरनं मोजायची तर आधी तिथे उभं राहावं लागतं. म्हणून मी काठापासून निघताना प्रत्येक दोन पावलांपुढे पहार जोरात आपटत जातो. पहार एका-दोन ठोक्यांत आरपार गेली तर मी परत फिरतो. पुढे जाता जाता अधूनमधून ऑगरनं भोक पाडून पट्टीनं जाडी मोजतो. बर्फ पांढरा, दुधाळ असेल तर तो साचलेल्या हिमापासून झालेला असतो आणि स्वच्छ बर्फापेक्षा साधारण निम्माच भार पेलतो, तिथे जाडी दुप्पट धरा. हिवाळ्याच्या शेवटी तर जाडीवर विश्वासच ठेवू नका. बर्फ आतून उभ्या कांड्यांसारखा सुटा होतो आणि एक फूट जाड असूनही पायाखाली तुटतो. गळ्यात बर्फाचे खिळे (पाण्यात पडलात तर बर्फात रुतवून वर यायला) आणि अंगात तरंगतं जाकीट नसेल तर ऑगर घरीच राहू दे.

जुनी, गोठून बसलेली भोकं दिसली तर तीही पहारीनंच उघडा. त्यात कोणीतरी टाकलेलं आमिष, वाळू, कधीकधी गळही गोठलेला असतो. सोलणाऱ्या पात्याला वाळूचा एक कण पुरतो. आणि निघताना आपल्या भोकाशेजारी एखादी फांदी रोवून ठेवा. रात्री वरून हिम पडलं की सहा इंची भोकसुद्धा दिसत नाही, आणि त्यात लहान मुलाचा पाय अख्खा जातो.

तेव्हा तुमच्यासाठी माझी यादी अशी: सहा इंची, सोलणाऱ्या पात्यांचा, पाती सहज मिळणाऱ्या बनावटीचा ऑगर. जादा पात्यांची जोडी, स्क्रूची चावी, झारा, पहार. मोठा पाईक हाच छंद असेल, किंवा बर्फ दोन फुटांच्या वर जात असेल, तर माझं उत्तर बदलेल, तसं असेल तर कळवा. पाती मात्र तळ्यावर बदलू नका. ते बारीक स्क्रू हातमोज्यातून निसटले की बर्फात सापडत नाहीत. घरी, टेबलावर ताट ठेवून, ऑगर दोन गुडघ्यांत धरून बदला, आणि हिवाळ्याचा शेवटचा दिवस संपल्यावर पाती पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, झाकण न लावता सुकू द्या.